झडपेवरचा चुना

“पण कोलेस्टेरॉल तर झकास आलंय की!” गीझर दुरुस्त करणाऱ्या काकांनी रिपोर्ट टेबलावर पुढे सरकवला. शेजारी बसलेल्या काकूही खुलल्या. त्या आकड्यापायी त्यांनी घरातलं तळण कधीच बंद केलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या यंत्राचा पडदा त्यांच्याकडे वळवला. “काका, ही तुमच्या हृदयाची झडप. पाकळ्या नीट उघडत नाहीत. तोंड फारच अरुंद झालंय.”

काका खुर्चीच्या टोकावर आले. जन्मभर लोकांच्या टाक्यांत डोकावलेला माणूस. स्वतःच्या आतलं यंत्र दिसल्यावर घाबरायचंच विसरला. “हे पांढरं काय?”

“कॅल्शियम. चुनाच म्हणा.”

“मग कोलेस्टेरॉलच्या गोळीनं विरघळायला हवा होता! आम्ही गीझरमध्ये ॲसिड सोडतो, सगळा चुना बाहेर.”

घोळ झाला होता तो इथेच. जिना चढताना दम लागू लागला, तरी स्वारी सांगून ठेवलेली झडपेची तपासणी टाळत राहिली. रक्तातला आकडा उतरतोय म्हणजे आतली झडपही मोकळी होत असणार! आपलीच अक्कल आपल्याला नडते ती अशी.

“गोळी रक्तातली चरबी कमी करते. रक्तवाहिन्यांसाठी ती हवीच. पण झडपेचं अरुंद होणं तिनं थांबत नाही. पुष्कळ रुग्णांवर तपासून पाहिलंय. आता झडपच बदलायला हवी.”

“छे, नको बुवा. चालतंय तोवर चालू दे.”

“दम लागायला लागलाय, काका. आता थांबणं जिवावर बेतेल.”

काकांनी छातीवर हात ठेवला. “झडपेचा आवाज येतो का हो?”

बाईंनी हसून स्टेथोस्कोप त्यांच्या कानांना लावला आणि दुसरं टोक त्यांच्याच छातीवर ठेवलं. काकांचे डोळे चमकले. “घासतंय! चक्क घासतंय! अगं, ऐक की तू पण.”

काकूंनी ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला.

“रोज तुमच्या शेजारी झोपते मी,” त्या म्हणाल्या. “मला कसं नाही ऐकू आलं? मी आपली तेलाचा चमचा मोजत बसले.”

काकांना फार वाईट वाटलं. बायकोला असं हरलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“झडप कुठली तेलाच्या चमच्यानं ऐकतेय,” ते पुटपुटले. मग बाईंकडे वळले. “कधी करायचं ऑपरेशन? पण नवी झडप आधी आम्हाला दाखवाल ना? दोघांनाही?”

“दाखवते.”

बाईंनी स्टेथोस्कोपसाठी हात पुढे केला. काकूंनी तो कानांतून काढलाच नाही; एका हाताने त्याचं टोक काकांच्या छातीवर दाबून, दुसऱ्या हाताने काकांच्या सदऱ्याची बाही धरून त्या ऐकतच राहिल्या.