आले गं आई

“डोकं पोरीचं बिघडलंय, मग खुर्चीत मी कशाला?” लिफ्टवाल्याने विचारलं.

समुपदेशक बाई हसल्या. “लिफ्ट अडकली की तुम्ही नुसता डबाच बघता?”

“छे! आधी वर, मशीनच्या खोलीत…” बोलून गेला आणि जीभ चावली. एरवी लोकांना असं पकडण्याचं काम त्याचं.

गडी भलता वात्रट. नकला अशा करायचा, की सोसायटीचे सेक्रेटरी एकदा स्वतःच्याच आवाजातली दमदाटी ऐकून जिन्यात सावधान उभे राहिले होते. गेल्या वर्षी बायको वारली. नंतर तेरा वर्षांच्या लेकीने भलतंच सुरू केलं. रोज संध्याकाळी हा गॅसपाशी भाजी ढवळत असायचा आणि ती बाहेरच्या खोलीतून ओरडायची, “आले गं आई!” याच्या अंगावर सर्रकन काटा. डाव तसाच धरून मागे वळून बघायचा. मागे फ्रिज.

शेवटी तिला मावशीकडे पाठवायचं ठरलं. शाळेने गळ घातली म्हणून आधी इथे आणलं, एवढंच.

तो लेकीकडे वळला. “बोला मॅडम, आई काय म्हणते तुम्हाला?”

“ठकू, ताटं घे गं, म्हणते.” ती नखं कुरतडत होती.

“कुठून?”

“गॅसजवळून.”

“तिथे तर मी असतो!”

“हो ना.” तिने मान वर केली. “बाबा, तूच हाक मारतोस. आईच्या आवाजात.”

तो खो खो हसला. “चल गं! नक्कल मी करणार आणि मलाच पत्ता नाही?”

“नसतो. मला आधी वाटलं, गंमत करतोयस. आत येऊन बघितलं, तर तू आपला भाजी ढवळतोयस. ओ दिली नाही तर थांबत नाहीस. रडवेला होतो आवाज. आईचा.”

त्याचं हसू तोंडातच वाळलं. “मग सांगायचंस ना मला.”

“सांगितलं असतं तर ती गेली असती.” ती अडखळली. “आणि मी मावशीकडे गेले, तर तुला ओ कोण देणार?”

तो पुटपुटला, “कुठे नाही जायचंस तू.”

“दादा,” बाई हळूच म्हणाल्या, “आता तुमच्या आवाजात बोलवा तिला.”

ठकू उठून दाराशी जाऊन उभी राहिली. त्याने घसा खाकरला. सेक्रेटरी आले, वॉचमन आला, सगळे घशात रांग लावून उभे. त्याचा स्वतःचा आवाज तेवढा सापडेना. जेवायला बोलवायचं काम कायम बायकोचं. याने कधी हाक मारलीच नव्हती. अखेर काहीतरी बसकं, खरखरीत बाहेर पडलं.

“ठकू… ये गं.”

ती जागची हलली नाही. मान कलती करून ऐकत राहिली, आईच्या आवाजातली हाक येते का ते. नाही आली.

मग येऊन बापाच्या शेजारी बसली.