डाव्या बाहीची सुई

मी विणकामाची सुई बोलतेय. शिवणाची नाही. तिला नेढं असतं, मला नाही. माझ्या एका टोकाला अणकुची, दुसऱ्या टोकाला बटणासारखं डोकं आणि मधे सरळसोट अंग. टोकदार आहे आणि बोलणारही तसंच. गोड ऐकायचं असेल त्यानं दुसरीकडे जावं.

मी एकटी जन्मले नाही. आम्ही दोघी एकाच ॲल्युमिनियमच्या तारेतून निघालो, एकाच रबरात बांधून वर्ध्याच्या लोकरीच्या दुकानात टांगलेल्या होतो. विणायला दोघीच लागतात. एक टाके धरते, दुसरी ते विणून आपल्याकडे घेते. ओळ संपली की कामं बदलायची. आम्ही कधी भांडलो नाही. भांडायला वेळ कुणाला होता?

हिंगणीच्या कौशल्याबाईनं आम्हाला घेतलं तेव्हा अंकित तिच्या पोटात होता. त्याची टोपी झाली, मोजे झाले. मग पोरगा मोठा झाला आणि लोकर मागं पडली. बाईमाणसाच्या हौसेची वस्तू आधी ट्रंकेत जाते, मग फळीवर, मग मोरीत. आम्ही कान तुटलेल्या कपात उभ्या होतो. मोरीची जाळी तुंबली की माझ्या बहिणीला तिथं खुपसायचे. तक्रार केली नाही. ऐकणार कोण?

मग तानबाच्या किडन्या गेल्या.

तानबा म्हणजे कौशल्याबाईचा नवरा. अंकित त्याला वर्ध्याच्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुवायला न्यायचा. रक्त अंगाबाहेर फिरून परत येतं, वरून खोली थंडगार. माणूस हाडातून गारठतो. बाहेर डांबर पातळ होईल असं ऊन आणि हा घरी येऊन गोधडीखाली दात वाजवायचा.

"चादर नेत जा नं," कौशल्याबाई म्हणाली.

"चादर घसरते वं. हात हालवता येत नाई. वर कोन घेईन?"

"मंग स्वेटर घाला."

"डाव्या हातात टोचते ते लोकं. बाही वर सरकत नाई, दाबते." मग म्हणाला, "तूच ये नं संगं. चादर धरून बसजो."

"मी तिथं बसून का करू? थांबा, मीच विनतो तुमाले. डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी, बटनाची. घातल्यावर टोचू दे त्याहिले."

तिनं आम्हाला कपातून काढलं, राखेनं घासलं आणि आम्ही पुन्हा चकाकलो. लोकर आली, मातकट रंगाची. सून आचलनं जुन्या मासिकातली स्वेटरची पानं शोधून आणली. कौशल्याबाईला वाचता येतं, पण ते बारीक अक्षर तिच्या डोळ्यांना झेपेना. म्हणून आचल वाचणार आणि सासू विणणार असं ठरलं.

लोक स्वयंपाक सांगतात तेव्हा समोरच्याला समजतं. विणकाम लिहितात तेव्हा काय होतं कुणास ठाऊक. आचल वाचायची, "एक टाका न विणता उजव्या सुईवर घ्या, पुढचा सुलट विणा, न विणलेला टाका त्यावरून ओलांडून सोडा."

"लिहिनारीनं सुई धरली व्हती का कधी?" कौशल्याबाई तडकायची. "न विनता घ्यायचा तं मंग सोडायचा कायले?"

"मले काय माहीत, आई? मी तं जसं आहे तसं वाचून राह्यली."

मग ती वाक्य सोडून द्यायची आणि बोटांनी बघायची. असं केलं, निसटलं. तसं केलं, भोक पडलं. एकदा टाका दुसऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे गेला आणि दोन टाक्यांचा एक झाला. "अवो, हे तं उडी मारनं आहे!" ती हसली. गोधडीतून तानबाही हसला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं.

पण घात झाला तो एका रीतीनं. त्या घरात पोथी वाचताना पुढचं पान आधी उघडायचं नाही. झालं तेवढं झालं, हात जोडायचे, मगच पान उलटायचं. कौशल्याबाईनं स्वेटरलाही तेच लावलं.

"आई, पुढं का आहे ते पाहू का?"

"नाई. हे पान होऊ दे. अर्ध्यातून पान उलटत नाईत."

पान सांगत होतं, काखेच्या बाजूनं एकेक टाका कमी करत खांद्यापर्यंत विणा. ती विणत गेली. समोरचे दोन्ही भाग खांद्यापर्यंत नेले, टाके बंद केले, सुटकेचा श्वास सोडला. मग आचलनं पान उलटलं. पहिल्याच ओळीत होतं, "त्याच वेळी गळ्याच्या बाजूनेही टाके कमी करत जा."

कौशल्याबाईनं ती ओळ पुन्हा एकदा वाचून घेतली.

तानबाच्या अंगावर तुकडे लावून पाहिले. गळ्याला आकारच नव्हता, लोकर थेट हनुवटीपर्यंत चढली होती. "फास लावतं का वं माह्या गळ्याले?" तो म्हणाला. त्याला हसू आलं, तिला नाही. समोरचे दोन्ही भाग काखेपर्यंत उसवले. उसवलेली लोकर कुरळी होते, आधीचं वळण सोडत नाही. आम्ही पुन्हा पहिल्यासारख्या कामाला लागलो. तेवढ्यात दवाखान्याच्या कितीतरी खेपा चादरीवरच झाल्या.

दर खेपेला तो दारात थांबायचा. "येतं का?"

"बाही झाली का येतो."

एक काम हातावेगळं करायचं आणि मगच दुसरं धरायचं, अशी ती बाई. बाही झाल्यावर नवऱ्याजवळ बसणार. कागदावरचं "त्याच वेळी" तिनं स्वेटरपुरतं शिकून घेतलं. मला तोंड असतं तर टोचून सांगितलं असतं. टोक आहे, तोंड नाही.

उजवी बाही जोडून झाली. डाव्या बाहीबद्दल मासिकात अक्षर नव्हतं, असा हात असलेला माणूस त्या लिहिणारीनं पाहिलाच नसेल. सासूसुनेनं मिळून ठरवलं, बाही सपाट विणायची, खालची शिवण घालायचीच नाही, काठाला बटणं लावायची. पण खांद्याला ती नेमकी कुठून जोडायची हे समजेना. डाव्या हातावर मशीन जोडायला ऑपरेशन करून केलेली नस फुगलेली, बोट ठेवलं तर आत घुरघुर लागायची. तिच्यावर शिवण येऊन चालणार नव्हती.

आचल म्हणाली, "बाबाच्या अंगावरच ठेवून शिवून टाकू नं आई. बराबर बसते."

कौशल्याबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की सुनेचा हातच मागं गेला. "अंगावर शिवत नाईत. अंगावर कोनाचं शिवतात, ठाव नाई का तुले?" मेलेल्याचं, हा शब्द तिनं गिळला.

मग मोजायचं, काढायचं, विणायचं, परत घालून बघायचं. तानबा हात पुढे करून बसायचा लहान पोरासारखा. हात बारीक होत चालला होता. आजचं माप चार दिवसांनी ढिलं व्हायचं.

वैशाखातल्या एका दुपारी अंकित त्याला घेऊन गेला. "येतं का?" त्यानं विचारलं. बाहीच्या वरच्या काही ओळीच राहिल्या होत्या. "आजच्या दिवस जाऊन या," ती मान वर न करता म्हणाली. परतीच्या वाटेवर, सेलूच्या पुढे, गाडीत तानबानं अंकितच्या खांद्यावर मान टाकली. अंकितला वाटलं झोप लागली.

गिरडहून तानबाची बहीण मनकर्णाबाई आली. गड्यांनी तानबाला शेवटची आंघोळ घातली, नवं कापड नेसवलं. तेवढ्यात कौशल्याबाई आतून स्वेटर घेऊन आली. डाव्या बाहीचे टाके अजून माझ्या बहिणीवर होते आणि मी लोकरीच्या गुंड्यात.

"वयनी, येडी झाली का तू?" मनकर्णाबाई म्हणाली. "एवढ्या उन्हात लोकर?"

"गार लागते त्याहिले."

"आता कायचं गार, बाई? आता तं..."

"तू गेलती का त्या खोलीत?" कौशल्याबाई ओरडली. "मीबी नाई गेली. सरक तिकडे."

कुणी आडवं आलं नाही. आचलनं पाठीला हात देऊन उचललं आणि दोघींनी त्याला स्वेटर घातला. उजवी बाही नीट बसली. गळाही बरोबर आला. मग कौशल्याबाई जमिनीवर बसली, शिवणाच्या सुईत लोकर ओवली आणि डावी बाही खांद्याला जोडू लागली. अंगावरच.

"आता शिवता येते," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.  नुसता लोकरीतून लोकर ओढल्याचा आवाज येत होता. बटणं लावायची राहिली. वरचे टाके बंद करायचे राहिले. बाहेर पुरुष उचलायला उभे होते.

"आई, सुई राह्यली आत," आचल हळूच म्हणाली.

"राहू दे. काढली तं उसवते."

अशी माझी बहीण गेली. राख सावडताना अंकितला एक वितळलेला गोळा सापडला. तो त्यानं हातात फिरवून पाहिला आणि राखेसोबत सोडून दिला. त्याला काय माहीत ते कोण होतं.

मी परत कपात आहे. परकराची नाडी आत ढकलायची असली की मला काढतात. एकीनं विणकाम होत नाही. गेल्या थंडीत आचल म्हणाली, "आई, लोकर उरली आहे. हिची जोडी आनू का?"

"कायले? कोन गारठून राह्यलं आता?"

पण रात्री ती स्वतः गोधडी ओढून बसते आणि लोकरीचा गुंडा मांडीवर ठेवते, हे मी बघते.

वाचणाऱ्या बायांनो, मला नवी जोडी नको. माझं एवढंच ऐका. विणायला बसाल तेव्हा पुढचं पान आधी उघडा. देव रागावत नाही. आणि दारात उभं राहून कुणी "येतं का" विचारलं, तर आम्हाला ओळीच्या मधेच खाली ठेवा. आम्ही टाके धरून बसतो. आमचं ते कामच आहे.