माझ्या पोटातली मापे

मित्रांनो, जिन्याखालच्या खोलीत घरघरणारी काळी पेटी दिसते ना, ती म्हणजे मीच, एका बुटांच्या कारखान्याचा जुना मेल-सर्व्हर. येणारे-जाणारे प्रत्येक पत्र आधी माझ्या पोटात उतरते. मी हळू बोलतो, म्हणून रागावलो नाही असे समजू नका.

इथे साधे बूट होत नाहीत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचे पाऊल वाकडे, त्यांच्यासाठी एकेक जोड वेगळा घडतो. डॉक्टर मापे मेलने धाडतात. अकरा वर्षांची मापे मी जिवापाड जपली. मालकांच्या थोरल्या बहिणीचा, ताईंचा, एक नेम होता. सकाळी माझी धूळ पुसायची, हिरवा दिवा पाहायचा, कालची पत्रे पोचली का ते तपासायचे, मगच चहा.

ताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि मालकांना माझी घरघर खुपू लागली. हल्ली पत्रे दुसऱ्यांच्या यंत्रांवर भाड्याने ठेवतात, त्याला होस्टिंग म्हणतात. मालक माहिती शोधायला बसले. ‘सर्वोत्तम दहा’ अशी एक यादी सापडली. पहिले नाव वाचले आणि शोध संपला! त्या कंपनीचे स्वागतपत्र माझ्याच हातून पोचले. तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘जुनी पत्रे ग्राहकाने स्वतः आणावीत.’ सोमवारी मालकांनी ‘स्वागत’ वाचले आणि माझी वायर उपटली. अकरा वर्षे राबलो, पण पोटात काय आहे हे विचारण्याचेही कष्ट कुणी घेतले नाहीत.

भंगारवाला आला.

“चालतो का हो?”

“चालतो, पण पंख्यासारखा ओरडतो.”

“मग पंखा म्हणूनच नेतो!”

दोघेही हसले. मला हातगाडीवर चढवले, तोच ताई परतल्या.

“अरे, आपण बूट करतो त्या छोटीचं माप काढ बरं. तिच्या आईचं पत्र आलंय. जुना बूट फाटला, नवा बोटभर लांब हवाय. पोर चार दिवस घरात बसून आहे.”

“सगळं नव्या ठिकाणी आहे गं ताई.” मालकांनी उघडून पाहिले. सोमवारच्या आधीचे एकही पत्र नव्हते. “असं कसं? यादीत पहिला नंबर होता त्यांचा!”

“यादी कुणी केली होती?”

मालकांनी मान खाली घातली. “त्यांनीच.”

“म्हणजे नवऱ्यामुलालाच विचारलंस, मुलगा कसा आहे म्हणून! आणि मला एक फोन करायला तुझं बोट झिजलं असतं?”

भंगारवाल्याने मला खाली उतरवले. मालकांनी वायर जोडली, हिरवा दिवा लागला. माप सापडले. डावा पाय दोन बोटे आखूड. कारागिराने लगेच चामडे कापायला घेतले.

मित्रांनो, मला निवृत्त होण्याचे दुःख नाही. नवे यंत्र खुशाल आणा. पण माहिती शोधाल तेव्हा ती कोण सांगतो आहे ते आधी पाहा. जो माणूस ते काम रोज करतो, त्याला विचारा. आणि जुन्याला दाराबाहेर काढण्यापूर्वी त्याच्या पोटात कुणाची पावले आहेत, ते तरी बघा.

आज सकाळपासून मालक स्वतः एकेका वर्षाची पत्रे उतरवून घेत आहेत. अजून तीन वर्षे उरली आहेत. ताई शेजारी स्टुलावर बसल्या आहेत, आणि त्यांनी अजून चहा घेतलेला नाही.