वाणातला आरसा

अक्षदाने, म्हणजे माझ्या नणंदेने, दुबईहून तो फोन पाठवला तेव्हा मी आणि माझा नवरा हितेंद्र पोट धरून हसलो होतो. गोल, सोनेरी, पावडरच्या डबीएवढा. मिटला की वर नुसता आरसा. उघडला तर आत बशीसारखा पडदा, त्यात धड एक मेसेजही मावायचा नाही.

"हा बोलायला नाहीच, मिरवायला आहे," हितेंद्र म्हणाला.

मी तो मिरवला नाही. बाळंतपणाची रजा संपली, परळच्या ऑफिसात पुन्हा रुजू व्हायचं होतं. आदल्या दिवशी मी त्यात कार्ड घातलं, आवाज बंद केला, माझा व्हिडिओ कॉल आपोआप उचलला जाईल अशी सोय केली आणि पाळण्यासमोरच्या फळीवर काजळाच्या डबीला टेकवून ठेवला. कॅमेरा आरशाच्या कडेला होता, टिकलीएवढा.

"काय गो ते?" सासूबाईंनी विचारलं.

"आरसा आहे, आई. अक्षदाने पाठवलाय."

इरावतीला, माझ्या लेकीला, मागे तापात आकडी आली होती, माझ्याच मांडीवर. तेव्हापासून तिची छाती वर-खाली होताना बघितल्याशिवाय मला घास जात नाही. आई तिला छान सांभाळतात, हे माहीत होतं. तरी जेवताना मी बघायचे. इरा झोपलेली, आई शेजारी लसूण सोलत बसलेल्या. कधी आई दिसायच्या नाहीत आणि माझा डबा तसाच राहायचा.

संक्रांतीनंतर घरी इराचं बोरन्हाण आणि हळदीकुंकू झालं. अंगावर पडणारी बोरं आणि हलवा तिच्या तोंडात जायच्या आत मी वेचत होते. बायकांना वाण आईच देत होत्या, दादरहून आणलेले छोटे गोल आरसे. त्या रात्री मी इतकी दमले की फळीकडे लक्षच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून कॉल लावला, तर पाळणाच नाही. हिरवी भिंत, त्यावर कॅलेंडर. आई इराला घेऊन गेल्या कुठे?

मग समोर एक चेहरा आला. शेजारच्या खोलीतल्या मालनकाकी. काका जाऊन बरीच वर्षं झाली. चाळीत कुणाकडे हळदीकुंकू असलं की त्या दार लोटून घेतात, सगळ्यांच्या सोयीसाठी.

त्यांनी पदराने आरसा पुसला. कपाळावर एक लहानशी टिकली टेकवून पाहिली. काढली. पुन्हा लावली. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. एकदम दचकून दाराकडे बघितलं, टिकली काढून घाईघाईने आरशाच्या कडेला चिकटवली. माझा पडदा काळा झाला.

संध्याकाळी मी विचारलं, "आई, फळीवरचा आरसा?"

"अगो, सांगायचं राहिलंच. मालन काल आपलं ताट द्यायला आली, बायका बघून दारातनंच वळत होती. म्हटलं, ये, बस. हळदकुंकू लावलं तिला. आणि बघते तर वाण संपलेलं! तुझा आरसा नुसता पडून होता. दुसरा आणीन तुला. दिलेलं वाण परत मागायचं नसतं हां."

गप्प बसणं सोपं होतं. पण त्या काचेमागे माझं कार्ड होतं.

"तो फोन आहे, आई. मी ऑफिसातून बघायचे."

"इराला?"

"इराला. आणि तुम्हाला."

इराच्या पाठीवर फिरणारा त्यांचा हात थांबला. ती कुरकुरली, तसा परत फिरायला लागला.

"म्हणून डबा भरलेला परत यायचा होय," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता इराचं झबलं सारखं केलं. मग म्हणाल्या, "जा, कार्ड काढून आण. आरसा तिच्याकडेच राहू दे."

"काकींना काय सांगू?"

"मला सांगितलंस तेच."

मालनकाकींनी सगळं ऐकून घेतलं. मी कार्ड काढत होते तेव्हा त्यांनी कडेची टिकली नखाने सोडवून बोटावर धरली.

"म्हणजे ही लावताना बघितलंस तू मला?"

"हो, काकी. चुकलं माझं."

मी उंबऱ्याबाहेर पडल्यावर मागून हळूच आवाज आला.

"कशी दिसत होती गं?"

दुसऱ्या दिवशी जेवताना माझा हात दोनदा मोबाईलकडे गेला. नाही करायचा फोन, असं ठरवलं होतं. मग केलाच.

"झोपलीय," आई म्हणाल्या. "तू जेव आधी."