हिरीबाईचे नवे तांदूळ

डहाणू-तलासरी भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचं मिळून एक पत्रक निघतं. पहिल्या पानावर त्या ऋतूचं मनन, मध्ये सभांच्या तारखा आणि शेवटच्या पानावर गावोगावच्या मंडळ्यांच्या बातम्या. लोक वाचायला घेतात ते शेवटच्या पानापासून, हे दक्षाला पक्कं ठाऊक होतं, कारण दोन्ही पानं तीच लिहायची. मननाबद्दल कुणी कधी चकार शब्द काढत नसे. पण एखाद्या मंडळीने बसवलेल्या पंख्याची बातमी राहून गेली, तर तिकडून फोन आलाच म्हणून समजा.

दक्षा नेमाची बाई. पहाटे स्तोत्र म्हटल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही, शुक्रवारी अन्नाला शिवायचं नाही, कुणाची उणीदुणी काढत बसायचं नाही, हे नेम तिने लग्नाआधीपासून पाळलेले. आवाज इतका मऊ, की भक्तीत शास्त्रवाचनाला ती उभी राहिली की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या कानामागे हात धरायच्या. बोट ठेवायला जागा नाही अशी बाई, असं मंडळीत म्हणत. ते तिच्या कानावर आलेलं होतं, आणि ऐकून तिला बरं वाटलेलं होतं.

पहिल्या पिकाच्या सणाला त्यांच्या छोट्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी वेदीपुढचं टेबल भरून जातं. कुणी नवे तांदूळ आणतं, कुणी दुधी, कुणी चिकूची टोपली, कुणी पाय बांधलेला कोंबडा. भक्ती झाली की बाहेर मांडवात त्या सगळ्याचा लिलाव होतो. एका दुधीवरून दोन व्याही हट्टाला पेटतात, कोंबडा मध्येच सुटतो, पोरं त्याच्यामागे धावतात, आणि सणाची खरी मजा तिथेच असते. यंदा दाराशी उभं राहून अर्पणं घ्यायचं काम दक्षाकडे होतं.

घंटा झाल्यावर कैनाडची हिरीबाई आली. ती मंडळीतली नव्हे. तिच्या घरी तिचे देव, पाड्यावर तिचं कूळ, चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा तिने कधी चुकवलेली नाही. पण दक्षाच्या घराशी तिची ओळख गेल्या पावसाळ्यात घट्ट झाली होती. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तिच्या तुषारला बांधावर मण्यार चावली, तेव्हा दक्षाचा नवरा नविन आपल्या इको गाडीत त्याला घालून, ओहोळाचं पाणी रस्त्यावर आलेलं असताना, डहाणूच्या दवाखान्यात घेऊन गेला होता. तुषार वाचला.

हिरीबाईच्या डोक्यावर लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. ती दक्षाच्या घरी जाऊन आली होती, तिथे कुलूप दिसलं म्हणून इकडे वळली. तिने दारातच सांगितलं, की तुषार दवाखान्यात होता तेव्हा ती आपल्या देवापुढे बोलली होती. पोरगा घरी आला तर नव्या भाताचा पहिला घास नविनभाऊच्या तोंडी, मग देवाला, मग पूर्वजांना, आणि सगळ्यांच्या शेवटी घरच्यांनी खायचं. हे तांदूळ नविनभाऊसाठी.

दक्षाने ऐकलं. नीट ऐकलं. आत पहिलं गीत सुरू झालं होतं, मागे माणसं खोळंबली होती. ती म्हणाली, "इथंच ठेवा आत, सगळे तिथंच ठेवतात." हिरीबाईने बाकीच्यांचं पाहून गाठोडं टेबलावर ठेवलं, सवयीने हात जोडले, आणि मागच्या बाकावर बसून राहिली. हात जोडताना कुणीतरी तिचा मोबाईलवर फोटो काढला होता. लिलाव सुरू होण्याआधीच ती बस गाठायला निघून गेली होती. तांदूळ चिंचणीहून आलेल्या एका कुटुंबाने घेतले. नविन तेव्हा गाडी घेऊन म्हाताऱ्यांना सोडायला गेला होता, त्याला यातलं काहीच कळलं नाही. दक्षाने त्याला सांगितलं नाही. आधी राहून गेलं, आणि मग सांगायचं झालं तर तांदूळ कुठे गेले तेही सांगावं लागलं असतं.

इथवर चूक म्हणता आली असती.

पण नाताळचं पत्रक लिहायला ती बसली, तेव्हा बाकीच्या मंडळ्यांच्या बातम्या समोर होत्या. एका ठिकाणी बाप्तिस्मे, एका ठिकाणी नवं कुंपण, एका ठिकाणी तरुणांचं शिबिर. आपल्या मंडळीची बातमी काय, तर गळके पत्रे बदलले. मागच्या सभेत मंडळ्यांच्या अध्यक्षांनी हसत विचारलंही होतं, दक्षाताई, तुमच्याकडे काही घडतं की नाही? तिने हिरीबाईचा तो हात जोडलेला फोटो शोधून काढला आणि त्याखाली लिहिलं, की कैनाडच्या हिरीबाई यांनी जुने देव मागे टाकून आपल्या पिकाचं पहिलं फळ प्रभूला वाहिलं. लिहून झाल्यावर तिने ते पुन्हा वाचलं. वाक्य छान उतरलं होतं. पहिल्या पानावर तिने त्याच बैठकीत आगमनकाळाचं मनन लिहिलं, धीराने वाट पाहण्याबद्दल.

पत्रक छापून आलं तसं मोबाईलवरही फिरलं. अध्यक्षांनी अंगठा पाठवला. चार बायकांनी फोन करून देवाची स्तुती केली, आणि दक्षाने ती नको नको म्हणत घेतली.

आठवडाभराने नविन दुपारीच घरी आला. त्याची गाडी तलासरीच्या रस्त्यावर शेअरमध्ये चालते, दुपारी तो सहसा येत नाही. शुक्रवार होता, दक्षाचा उपास होता, तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. तो जेवला नाही. तलासरीकडच्या डोंगरातला चिमण सकाळी त्याच्या गाडीत बसला होता. चिमण म्हणजे तुषारचा होणारा सासरा, माघात लग्न ठरलेलं. एरवी बोलून बोलून कान किटवणारा माणूस सगळ्या वाटेत गप्प होता. उतरताना तेवढं म्हणाला, की तुमच्या लोकांनी आमची सोयरीक खाल्ली. ज्या घराने नवं भात परक्या देवाला घातलं आणि आपले पूर्वज उपाशी ठेवले, त्या घरात मी पोर देणार नाही. लग्न लावणारी धवलेरीसुद्धा त्या मांडवात गायला बसणार नाही म्हणते.

"आणि अजून ऐक," नविन म्हणाला. "हिरीबाईच्या घरी अजून नवं भात कुणी खाल्लेलं नाही. कणगी भरलेली आहे आणि रेशनचे तांदूळ शिजताहेत. का, तर मी खाल्लं की नाही ते तिला कुणी कळवलं नाही. मला का सांगितलं नाहीस?"

दक्षाने गडबड होती असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. नविनने मोबाईल काढून शेवटचं पान तिच्यापुढे धरलं.

"हे गडबडीत लिहिलंस?"

त्याने आवाज चढवला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो उठला, ताट झाकून ठेवलं आणि गाडी घेऊन गेला. दक्षाने त्या दिवशीचा उपास पाळला, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला गुडघे टेकल्यावर तिच्या तोंडून शब्द येईना. जिभेची तिला लाज वाटत होती, तीच जीभ घेऊन पुन्हा कुठे बोलायचं?

दुसऱ्या दिवशी ती पाळकसाहेबांकडे गेली. प्रविण पाळक वयाने तिच्याहून लहान, भला माणूस. त्याने सगळं ऐकलं, कपाळ चोळलं. ईस्टरच्या अंकात दोन ओळींचा खुलासा टाकू, म्हणाला, नजरचुकीने वगैरे. ती म्हणाली लग्न माघात आहे, आणि नजर चुकली नव्हती. तेव्हा तो हळूच म्हणाला, ताई, आधीच लोक आपल्याकडे वाकड्या नजरेने बघतात. हे खोटं लिहितात असं आपणच सांगायचं म्हणजे आयतं कोलीत द्यायचं. तिला त्याचं म्हणणं पटलं, आणि पटलं याचीच भीती वाटली. क्षणभर तिला सुटल्यासारखं झालं होतं.

कैनाडला ती एकटीच गेली. हिरीबाई अंगणात वाल सोलत बसली होती. तिने उठून पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं, नविनभाऊ बरे आहेत का विचारलं. दक्षाने आल्या आल्या पाय धरायचे ठरवले होते, पण हिरीबाई इतकी सरळ वागत होती की मध्ये वाकायला जागाच मिळेना. शेवटी तिने जसं घडलं तसं सांगितलं, तांदूळ लिलावात गेले तेही. हिरीबाई वाल सोलत राहिली. शेजारीण कुडामागून ऐकत होती, ती मोठ्याने म्हणाली, की आमच्या हिरीला आम्ही आता मडमबाई म्हणतो, फोटो आला ना तिचा. हिरीबाई हसली नाही, पण तिला गप्पही केलं नाही.

"बाई, तुम्ही शुक्रवार धरता," ती म्हणाली. "मला माहीत आहे, तुषारच्या वेळी दवाखान्यात मी भाकर पुढं केली ती तुम्ही घेतली नव्हती. मी काही वाईट वाटून नाही घेतलं. बोललेली बाई आहे, म्हटलं, पाळते. मग मी पण बोललेली होते की."

दक्षाला वर बघवेना. तिला वाटलं होतं, नेम म्हणजे आपल्याकडे असतात. हिरीबाईकडे असतो तो नवस, रूढी, अंधार, आणि पत्रकातलं वाक्यही तिने त्याच समजुतीने लिहिलं होतं. ती म्हणाली नविन येईल, तुम्ही म्हणाल त्या दिवशी येऊन जेवेल. हिरीबाई म्हणाली, त्याच्या आधी चिमण्याला सोयरिकीचं बोलू दे. पोरगा रोज फोन हातात घेऊन बसतो, पलीकडून पोर उचलत नाही. लग्न मोडलेल्या घरात नव्याचा घास उतरायचा कसा?

तलासरीला नविन तिला गाडीतून घेऊन गेला. चिमणच्या ओटीवर पाड्यातली माणसं जमली. दक्षाने तिथेही सगळं सांगितलं. चिमण ऐकताना मध्ये मध्ये "मोठ्यानं बोला, बाई" म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी तिला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागत होतं. मी खोटं लिहिलं. मी खोटं लिहिलं. ओटीखालच्या बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. शेवटी चिमणने विडी विझवली.

"हे तुम्ही माझ्या ओटीवर सांगता," तो म्हणाला. "लिहिलं कुठं? तुमच्या लोकांत. जिथं बोललात तिथं बोला. मी येतो ऐकायला."

नाताळच्या आधीच्या रविवारी सगळ्या मंडळ्यांची एकत्र भक्ती असते. देऊळ पुरत नाही म्हणून बाहेर मांडव घातलेला, कागदाच्या चांदण्या टांगलेल्या. चिमण सांगितल्याप्रमाणे आला, धुतलेला सदरा घालून, आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. एका मुलाने खुर्ची दिली ती त्याने घेतली नाही. प्रविण पाळकाने सूचना सांगून झाल्यावर दक्षाचं नाव घेतलं आणि स्वतः खाली बघत बसला.

माईक तिने आजवर तोंडापासून लांब धरला होता. त्या दिवशी जवळ धरला. तिने सांगितलं, की हिरीबाईंनी तांदूळ प्रभूला वाहिले नव्हते. आपल्या देवापुढे बोललेला शब्द त्या पाळत होत्या, आणि ते तांदूळ माझ्या नवऱ्यासाठी होते. त्यांनी हे मला दारात सांगितलं होतं, मला ठाऊक होतं. आपल्या मंडळीची बातमी चांगली दिसावी म्हणून मी ते बदललं. त्यांनी आपले देव सोडलेले नाहीत. त्यांच्या घराला त्याचा त्रास झाला, तो माझ्यामुळे.

तिला वाटलं होतं कुणीतरी आमेन म्हणेल, निदान खोकेल. अध्यक्ष पहिल्या रांगेत चष्मा पुसत होते. फोन करून स्तुती करणाऱ्या बायकांपैकी एक तिच्याकडे अशी बघत होती, जणू दक्षाने भर मांडवात पदर टाकला. ती जागेवर येऊन बसली, तेव्हा शेजारणीने आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. पुढचं गीत आनंदाचं होतं. दक्षाने नुसतं तोंड हलवलं.

भक्तीनंतर चिमण नविनपाशी गेला. माणसं चहाच्या रांगेतून बघत होती. त्याने नविनला सांगितलं, की उद्या हिरीच्या घरी जाऊन जेवून ये, परवा मी सोयरिकीचं बोलायला जातो. धवलेरीला मी समजावतो, ती माझी मावस बहीणच लागते. मग त्याने दक्षाकडे पाहिलं.

"बाई, लग्नाला या. पण लिहू नका काही."

आजूबाजूचे दोन-तीन जण हसले. दक्षाही हसली, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी नविन कैनाडला निघाला तेव्हा ती साडी बदलून ओटीवर उभी होती. तो म्हणाला, हिरीबाईने फोनवर मला एकट्यालाच ये म्हटलंय. तिने बरं म्हटलं आणि आत येऊन साडी घडी करून ठेवली. संध्याकाळी तो परतला. त्याने सांगितलं, नवं भात, वाल आणि सुकट होती. त्याने पहिला घास तोंडात घालेपर्यंत घरातली सगळी भिंतीला टेकून उभी होती, तुषारसुद्धा. मग हिरीबाईने देवापुढे पान मांडलं, पूर्वजांना मांडलं, आणि सगळी जेवायला बसली. हिरीबाई खूप जेवली, दोनदा भात घेतला.

दक्षाने विचारलं, माझं काही विचारलं का?

नविन चपला काढत होता. तो म्हणाला, नाही. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, तुझ्यासाठी थोडा भात बांधून देऊ का असं तिची थोरली सून म्हणत होती, पण हिरीबाई न ऐकल्यासारखं करून भांडी उचलायला गेली.

दक्षाने मान हलवली. तिने त्याला पाणी दिलं, आणि बाहेर वाळत घातलेले कपडे काढायला गेली. ते अजून ओलेच होते.