शिडीच्या अलीकडे

माझ्या भावजींकडे बघून मला नेहमी वाटायचं, की देवाने आधी आवाज घडवला आणि मग उरलेला माणूस त्याच्याभोवती जमेल तसा लावून टाकला.

गाद्यांच्या एका मोठ्या दालनाचे ते व्यवस्थापक. लोकांनी सुखाने झोपावं म्हणून गाद्या विकायच्या, एवढंच काम. पण बोलायचे असे, की जणू सीमेवर तोफा पाठवतायत. मी दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवते. दिवसभर मेण, प्लास्टर आणि खोटे दात. त्यामुळे माणूस हसताना किती दात दाखवतो आणि त्यातले मनापासून किती, हे मला चटकन कळतं. भावजी सगळे दाखवायचे.

हिवाळ्याच्या सुट्टीत दालन चार दिवस बंद होतं. पहिल्याच दुपारी मी ताईकडे गेले, तर जेवणाच्या टेबलावर नकाशा, तीन टॉर्च, दोन शिट्ट्या, दोरीचं वेटोळं आणि कोरे करकरीत बूट. बुटांत अजून कागदाचे बोळे होते.

"मोहीम आहे," भावजी म्हणाले. "परवा पहाटे निघायचं. शिखर गाठून त्याच दिवशी परत. कॉलेजात असताना तीनदा केलंय मी. डोळे मिटून जाईन."

मोहिमेत भावजी, मी आणि त्यांच्या हाताखालचा एक माणूस, ज्याला दालनात सगळे होयबा म्हणतात. भावजी काही बोलले की तो पुढच्याच क्षणाला री ओढतो. कधीकधी वाक्य संपायच्या आधीसुद्धा.

"आणि ताई?" मी विचारलं.

"ती खाली गाडीत बसेल. पुस्तक घेऊन. तिचा गुडघा आहे ना."

ताई ओट्याशी उभी होती. मागे न वळता म्हणाली, "येते मी."

"अगं, झेपणार आहे का तुला?"

"बघू."

ताई सरकारी इस्पितळाच्या धुलाईघरात मुकादम आहे. चार मजले. लिफ्ट रोग्यांसाठी, म्हणून चादरींचे गठ्ठे मोजायला ती दिवसातून सात-आठ वेळा जिना चढते आणि उतरते, आणि हे गेली अठरा वर्षं. पण त्या घरात दम, छाती आणि पाय या गोष्टी फक्त भावजींच्या मालकीच्या होत्या.

पायथ्याशी पोचलो तेव्हा गवतावर पांढरं दव गोठलं होतं. पाटीवर लिहिलं होतं, शिखर: साडेतीन तास. भावजींनी पाटीवर टिचकी मारली. "म्हाताऱ्यांसाठी असतं हे. दोन तास फार झाले."

"फारच झाले," होयबा म्हणाला.

पहिली वीस मिनिटं भावजी तोफेच्या गोळ्यासारखे गेले. मग त्यांना निसर्ग दिसायला लागला. दर वळणावर थांबायचं, एक हात कमरेवर, दुसरा कुठल्यातरी झाडाकडे, आणि माहिती द्यायची. धाप लागलेली असल्यामुळे माहिती तुकड्यातुकड्यांनी यायची. "हे झाड... दोनशे वर्षं... याची साल... औषधी." ते झाड वनखात्याने वीसेक वर्षांपूर्वी रांगेत लावलेल्यांपैकी होतं, शेजारच्या खुंट्यांवर क्रमांकही होते. होयबाने साल हुंगून पाहिली आणि वास औषधी असल्याचं कबूल केलं. मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावत होते आणि मनातल्या मनात सगळं टिपून ठेवत होते, संध्याकाळी मैत्रिणींना नक्कल करून दाखवायला.

ताई मागून एका लयीत येत होती. ती थांबत नव्हती, म्हणून दर वळणावर आमच्यापर्यंत पोचायची.

"नाकाने श्वास घे," भावजी तिला तोंडाने श्वास घेत सांगायचे.

अडीच तासांनी आम्ही डोंगराच्या एका सपाट खांद्यावर पोचलो. मधोमध दगडांची कंबरभर रास होती. भावजींनी तिच्यावर एक पाय ठेवला, पोट आत घेतलं आणि म्हणाले, "पोचलो. काढ फोटो."

होयबाने फोटो काढले. पाच-सहा. मी राशीपलीकडे बघत होते. समोर, दरीपलीकडे नव्हे, याच डोंगराच्या पुढच्या चढावर, आभाळात घुसलेला काळा सुळका होता. त्याच्या टोकावर लोखंडी खांब आणि खांबाशी मुंग्यांएवढी दोन माणसं. एवढं मोठं काहीतरी न दिसण्यासाठी माणसाला खरोखर कष्ट घ्यावे लागतात. भावजी ते घेत होते.

तेवढ्यात वरून एक मध्यमवयीन जोडपं उतरत आलं. नवऱ्याने नमस्कार केला. "वर चाललात? अजून तासभर. शिडी ओली आहे, जरा जपून."

"शिडी?" भावजी म्हणाले. मग लगेच सावरून, "हां, शिडी. आमच्या वेळी नव्हती ती."

"पन्नास वर्षं झाली असतील तिला," तो माणूस सरळपणे म्हणाला. "माझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा तिच्यावरूनच नेलं होतं."

जोडपं निघून गेलं. होयबा आपल्या बुटांकडे बघत राहिला. ताईने डबा उघडला होता. ती उकडलेलं अंडं सोलत होती.

भावजींनी घसा साफ केला. "मी नेता आहे," ते म्हणाले, "मला सगळ्यांचा विचार करावा लागतो. मी एकटा असतो तर प्रश्नच नव्हता. पण हिचा गुडघा. हिच्यामुळे आपल्याला इथेच थांबावं लागेल. हरकत नाही. माणूस महत्त्वाचा, शिखर काय, आहेच तिथे."

"माणूसच महत्त्वाचा," होयबा म्हणाला.

ताईने अंडं खाल्लं. हात पुसले. डब्याचं झाकण चारही बाजूंनी नीट दाबून बसवलं आणि उठली.

"मी जाऊन येते," ती म्हणाली. कोपऱ्यावरून दूध आणायला निघाल्यासारखी.

"कुठे?"

तिने हनुवटीने सुळक्याकडे दाखवलं आणि चालायला लागली. भावजींनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा शिट्टी वाजवली. मी ताईच्या मागे धावले. निम्मं तिच्या काळजीने आणि निम्मं, खरं सांगायचं तर, पुढची मजा चुकू नये म्हणून.

शिडीपाशी माझी मजा संपली. वीस-बावीस पायऱ्या, गार लोखंड, खाली मोकळी दरी. सहाव्या पायरीवर मी लोखंडाला मिठी मारली. वरही जाता येईना, खालीही येता येईना.

"खाली बघू नकोस," ताई वरून म्हणाली. "उजवा हात सोड. आता वरची पायरी धर. धरलीस? आता डावा." गठ्ठे मोजताना बोलते त्याच आवाजात. तिने मला पायरी पायरी करत वर घेतलं आणि शेवटी मनगट धरून ओढलं.

वर वारा होता आणि खांब होता. बाकी काही नाही. खाली खांद्यावर दगडांची रास दिसत होती, तिच्याशेजारी दोन ठिपके.

"तीनदा म्हणे!" श्वास सापडल्यावर मी म्हटलं. "ताई, शिडी माहीत नव्हती त्यांना!"

"माहीत आहे मला. एकदाही आले नव्हते ते इथे. सासूबाईंनीच सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी. गच्चीवर कपडे वाळत घालायला पाठवलं तर कठड्यापासून चार हात लांब उभे राहायचे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तेवढंच तर आहे त्यांच्याकडे."

हे ती रागाने म्हणाली असती तर मला आवडलं असतं. पण आवाजात राग नव्हता, कीव नव्हती, काहीच नव्हतं. रद्द झालेल्या चादरीवर शिक्का मारावा तसं ते वाक्य होतं. मी नऊ-दहा वर्षं भावजींची जी टवाळी करत आले, ती त्यापुढे पोरखेळ वाटली. मी हसले.

"तू कशाला हसतेस?" ताईने वळून माझ्याकडे पाहिलं. "दर रविवारी येतेस. त्यांच्यासमोर 'हो का भावजी, वा भावजी' करतेस. मग मैत्रिणींत जाऊन नकला. मला कळत नाही असं वाटतं तुला? त्यांना निदान खोटं रेटायला कष्ट पडतात. त्या होयबाचं पोट आहे त्यावर. तुझं काय आहे?"

  वाऱ्याने डोळ्यांत पाणी आल्याचं मी सांगितलं, आणि तिने ते ऐकून घेतलं. त्यांचं ऐकून घेते तसंच.

खाली उतरलो तेव्हा ते दोघे गाडीत काचा लावून बसले होते. भावजींनी बूट काढले होते. टाचांना फोड आले होते. शिखराबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. "उशीर केलात," एवढंच म्हणाले.

होयबा गाडी चालवत होता. वाटेत भावजींच्या थोरल्या भावाचा फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला. त्यांना सगळंच स्पीकरवर आवडतं.

"हो दादा! फत्ते! सगळे शिखरावर जाऊन आलो. हिलासुद्धा नेली, हळूहळू, धरून धरून."

"हे नव्हते आले, दादा," ताई मागच्या सीटवरून म्हणाली. "हे खालीच थांबले. आम्ही दोघी गेलो होतो."

 भावजी सावकाश होयबाकडे वळले.

"हो," होयबा म्हणाला. ते वर्षानुवर्षांच्या सवयीने निघून गेलं असावं. कारण पुढच्याच क्षणी त्याचे कान लाल झाले. "वहिनी म्हणतात ते बरोबर."

पलीकडून दादा मोठ्याने हसले. लहानपणापासून राखून ठेवलेलं हसू होतं ते. भावजींनी फोन बंद केला आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. अंधार पडला होता, काचेत त्यांना स्वतःचा चेहरा सोडून काही दिसत नसणार.

आठवडाभर त्यांनी ताईशी अबोला धरला. तो अबोला असल्याचं ताईच्या चौथ्या दिवशी लक्षात आलं. मग दालनात गिऱ्हाइकांची गर्दी वाढली, आणि आवाज परत आला. दगडांच्या राशीवरचा फोटो आता त्यांच्या टेबलामागे लावला आहे. मागचा सुळका कापून टाकला आहे.

ताई महिन्यातून एकदा धुलाईघरातल्या तिघी-चौघींना घेऊन डोंगरांवर जाते. भावजी पाहुण्यांना सांगतात, "हिला नाद मीच लावला." ताई तेव्हा समोरच बसलेली असते, पायाला तेल चोळत. मान वर करून बघतसुद्धा नाही.