सुतक नसलेली सून

गौरवीला सासऱ्याचं सुतक नाही, हा निवाडा गोकुळदासकाकांनी दिला तेव्हा गोव्यातल्या सर्वण गावच्या त्या घरातून प्रेत अजून उचललंही नव्हतं. गोकुळदास म्हणजे तिच्या नवऱ्याचे, परेशचे थोरले काका. धाकटा भाऊ गेला, आता घराण्यात वडीलधारे तेवढेच उरले. घरातल्या बायकांच्या ओळीत, परेशच्या आईशेजारी, रडून डोळे सुजलेली गौरवी बसली होती. काकांनी दारातूनच सांगितलं, "तिची फकत सही झाली हा. मांडव खंय पडलो? तिका सुतक ना. घराक जावन तिना नुस्ता खाल्ल्यान तरी चालता."

मासळी खाल्ली तरी चालेल! सहा आठवडे त्या माणसाच्या उशापायथ्याला बसलेल्या पोरीला हे सांगायचं, आणि तेही चार लोकांत. गौरवीला कुणीतरी हाताला धरून उठवलं आणि बाहेर गावकऱ्यांमध्ये एका कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, नेऊन बसवलं. समाचाराला आलेल्या पाहुण्यांना देतात तशी पाण्याची बाटली तिच्याही हातात दिली.

आता ही सहीची भानगड सांगायला हवी. गोव्यात लग्न आधी सरकारदरबारी होतं आणि मग देवाब्राह्मणांसमोर. रजिस्ट्रारपुढे जाऊन दोनदा सही करायची. दुसरी सही झाली की कायद्याने नवराबायको, मग अक्षता पडोत न पडोत. पण लोक त्याला लग्न म्हणत नाहीत, सही झाली म्हणतात. सही करून नवरा आपल्या घरी जातो, नवरी आपल्या घरी जाते, आणि मांडव पडेपर्यंत दोघं जणू वाङ्निश्चय झाल्यासारखी वागतात. गौरवी स्वतः पेडण्याच्या रजिस्ट्रार कचेरीत कारकून होती. सही म्हणजे हॉल बुक करण्यासारखं समजू नका, या सहीने तुम्ही नवराबायको होता, हे ती समोर बसलेल्या प्रत्येक जोडप्याला बजावून सांगायची. जोडपी हसायची, फोटो काढायची आणि निघून जायची.

तिची आणि परेशची सहीही तिथेच, तिच्याच टेबलासमोर झाली होती. परेश औषधांच्या कारखान्यात होता. त्याला आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात तसल्याच कारखान्यात नोकरी लागली आणि जायच्या आठ दिवस आधी दोघांनी दुसरी सही केली. पुढे तिला तिकडे न्यायचं तर कागद तयार हवेत म्हणून ही घाई. मांडव डिसेंबरात ठरला होता. डिसेंबरात त्याला रजा मिळाली नाही. मे महिन्यात ठरला, तेव्हा नारळीपोफळीच्या बागेची वाटणी निघाली आणि घरात कुणाला कुणाचं तोंड बघवेना. असं करता करता दोन वर्षं गेली. त्याचा सकाळचा चहा आणि तिचा कचेरीतला दुपारचा डबा एकाच वेळी होत असे, तेवढाच त्यांचा संसार. तो टोस्ट करपवायचा आणि ती इकडून हसायची. माणूस गोड होता, आणि तिचा त्याच्यावर जीव होता, हे खोटं नाही.

त्या दोन वर्षांत मांडव न पडलेली ही सून काय काय करत होती ते काकांनी कधी विचारलं नाही. दर शनिवारी पेडण्याहून म्हापसा आणि म्हापशाहून डिचोली असा बसप्रवास करून ती सर्वणला जायची. सासूला बँकेत न्यायची, पेन्शनचे कागद भरायची, निरफणसाची कापं तळून द्यायची, आणि दिवे लागायच्या आत परत निघायची, कारण मांडवाआधी सुनेनं सासरी वस्ती करायची नसते. सासऱ्यांचं मूत्रपिंड बिघडलं तेव्हा पणजीच्या हॉस्पिटलात त्यांना घेऊन तीच गेली. ऑपरेशनच्या कागदावर सही कुणाची, असा प्रश्न आला. गोकुळदासकाकांनी पेन तिच्यापुढे सरकवलं आणि ते म्हणाले, तू सून मगो, कर सही. रुग्णाशी नातं या रकान्यात तिने 'सून' असं लिहिलं आणि सही केली. तेव्हा मांडवाची कुणाला आठवण झाली नाही.

बापाच्या दिवसांसाठी परेश आला. डोकं भादरून, उघड्या अंगाने चटईवर बसलेला तो तिला तेरा दिवसांत जेमतेम तीनदा भेटला, तेही सगळ्यांच्या देखत. जाताना मोपा विमानतळावर ती त्याला सोडायला गेली. विमानतळ तिच्या घरापासून वीस मिनिटांवर. तिथे त्याने तिचा हात धरला आणि सांगितलं, व्हिसाचा अर्ज जूनमध्येच घातलाय, कधीही येईल, थोडी कळ काढ. ती रडत रडत घरी आली, पण मनातून खूश होती.

व्हिसा ऑक्टोबरात आला. तीन महिन्यांच्या आत, म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत, तिकडे पाऊल ठेवायला हवं होतं. नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि तेव्हा मिळेलच याची खात्री नाही. गौरवीने पासपोर्टावरचा तो कागद आईवडिलांना दाखवला. आयर्लंडच्या सरकारने तिला ना पाहिलं होतं ना ऐकलं होतं, पण परेशची बायको म्हणून तिथे लिहिलं होतं. मग ती पेढे घेऊन सर्वणला गेली. काकांनी पेढा हातात घेतला नाही.

वर्ष झाल्याशिवाय घरात मंगलकार्य नाही, काका म्हणाले. वर्ष ऑगस्टात पुरं होणार. मग मुहूर्त बघायचा, मांडव घालायचा आणि मग वाजतगाजत कुठे जायचं तिथे जा. व्हिसा गेला तर गेला, पुन्हा काढता येतो. दिवाळीनंतरच्या रविवारी दोन्ही घरची माणसं बसली. गौरवीचे वडील नारायण जमिनीकडे बघत होते. तिची आई कमलाक्षी अधूनमधून तिच्या मांडीवर चापट मारून गप्प बस असं सुचवत होती. परेश फोनवर होता, टेबलावरच्या पेल्याला फोन टेकवून ठेवला होता. परेशची आई पद्मावती भिंतीला पाठ लावून बसली होती आणि एक शब्द बोलत नव्हती. आपल्या मुलीला मांडवाविना पाठवलं तर पेडण्यात लोक काय म्हणतील, असं नारायण पुटपुटले. म्हणजे तिचा बापही त्याच माळेतला मणी.

गौरवीने बराच वेळ ऐकून घेतलं. जिच्यावर सगळे बोलत होते ती तिथेच बसली होती आणि कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. शेवटी तिने आईचा हात बाजूला सारला.

"काका, बाबा गेले तेव्हा माका सुतक नव्हता. तुमीच सांगितलास. मगे वर्साचा बंधन माझ्यार खंयसून इला?"

काकांनी चष्मा काढला. वर्ष तुला नाही, परेशला आहे, ते म्हणाले, त्याचं लग्न या वर्षात होत नाही. गौरवी म्हणाली, लग्न झालंय. लग्न लावून द्या असं मी म्हणतच नाही, मी नवऱ्याकडे जाते म्हणते. हॉस्पिटलात ऑपरेशनच्या कागदावर सही करताना मी सून होते, प्रेताशेजारी बसताना नव्हते, आणि आता पुन्हा झाले. तुमच्या सोयीने मी आत-बाहेर किती वेळा करायचं? कचेरीचा कायदा घरात आणू नको, काका कडाडले. कमलाक्षीने डोळ्यांना पदर लावला. गौरवीने फोनकडे पाहिलं. परेश खालचा ओठ चावत होता. मग म्हणाला, काकांचंही अगदीच चुकीचं नाही, आपण बघूया काय करता येतं. गौरवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आईबापांच्या आणि सासूच्या देखत ती त्याला काही बोलली नाही.

चौथ्या दिवशी पद्मावतीचाच फोन आला. तिकीट काढ बाय, ती म्हणाली, काकांशी बोलणं झालंय, तू जा. गौरवीला आधी खरंच वाटेना. मग वाटलं, आपण बोललो ते लागलं कुठेतरी. दोन दिवस ती कचेरीत नुसती तरंगत होती. समोर बसलेल्या जोडप्यांना ती नेहमीपेक्षा दुप्पट जोराने सांगू लागली की सही म्हणजे लग्न. डिसेंबरअखेर तिने नोकरीचा राजीनामा दिला. सोलं, उकडे तांदूळ, तिरफळं, गालमो म्हणजे सुका जवळा, अशी बॅग भरली. बापाने मोप्याला सोडलं, आईने तोंडात साखर घातली. जानेवारीच्या नवव्या तारखेला दुपारी बाराच्या सुमारास ती कॉर्कला उतरली.

परेश घ्यायला आला होता. त्याने तिला भर विमानतळावर घट्ट मिठी मारली आणि दोन वर्षांचा सगळा राग तिथल्या तिथे वितळला. घर लहान होतं, एक खोली आणि स्वयंपाकघर, पण स्वच्छ होतं. त्याने भात आणि डाळ करून ठेवली होती. तिला ती अळणी लागली तरी तिने दोनदा वाढून घेतली. बॅग अजून दाराशीच होती. जेवण झाल्यावर बॅग उचलून ती खोलीकडे निघाली, तेव्हा परेश उठला आणि म्हणाला, बॅग राहू दे तिथेच.

मग त्याने सांगितलं. दोन गल्ल्या पलीकडे महेश आणि सुप्रिया म्हणून कोल्हापूरकडचं जोडपं राहतं, चांगली माणसं आहेत. त्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे. ऑगस्टात वर्ष पुरं झालं की मुहूर्त बघून आपण घरी जाऊ, मांडव होईल, मग इथे एकत्र राहू. तोवर तू तिथे राहायचंस. दिवसा इकडे येत जा, स्वयंपाक मिळून करू. आईला आणि काकांना तसा शब्द दिलाय, म्हणून तर तुला पाठवलं. हे सगळं तो इतक्या मऊ आवाजात सांगत होता की जणू तिच्यासाठी काही आणून ठेवलंय.

गौरवी खुर्चीवर बसली. म्हणजे ती बोलली ते कुणाला लागलं नव्हतं. तिच्या पाठीमागे सौदा झाला होता आणि ती मात्र जिंकल्याच्या थाटात नोकरी सोडून, गाव सोडून, सात समुद्र ओलांडून आली होती. सर्वणला दिवे लागायच्या आत परत फिर, आणि इथेही परत फिर! काका तरी निदान तोंडावर बोलले होते. तिने टेबलावरचा त्याचा फोन उचलला आणि पद्मावतीला लावला. तिकडे तिन्हीसांजा उलटून गेल्या होत्या. सासूचा चेहरा दिसला तसं तिने सरळ विचारलं, आई, मला परक्याच्या घरी ठेवायचा शब्द तुम्ही मागितलात?

पद्मावती म्हणाली, "शब्द मी खंय मागलंय गो? तोच म्हणालो, काकांक बरा दिसाक होया तर तिका येगळ्या घरात ठेवतंय. त्या दिसा तू बोललंस, तेव्हाच माझ्या मनात इला तुका धाडूचा. भावोजी बसलेले, म्हणान गप रवलंय."

परेश आईकडे बघेना आणि बायकोकडेही बघेना. घरात भांडण नको म्हणून मी मधला मार्ग काढला, तो म्हणाला, कुणाचं मन मोडू नये म्हणून. कुणाचं मोडू नये ते तू ठरवलंस, गौरवी म्हणाली, आणि माझं मोडलं तर चालेल हेही तूच ठरवलंस. मला एकदा विचारायचं तरी होतंस. मी फोनवर रोज होते, रोज! तुझा टोस्ट करपला तेही तू मला सांगत होतास. तिचा आवाज चढला होता आणि तिने तो उतरवला नाही. सासूला तिने सांगितलं, आई, मी परेशच्या घरी पोचले, इथेच राहणार आहे, काकांना तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते. मीच सांगतंय, पद्मावती म्हणाली आणि फोन ठेवला.

गौरवी उठली. तिने बॅग उचलून खोलीत नेली आणि पलंगावर ठेवली. कपाटातून त्याचे दोन शर्ट, एक पँट आणि टॉवेल काढला, एका पिशवीत कोंबला आणि ती पिशवी बाहेर आणून त्याच्या हातात दिली. महेशकडची खोली तू बघून ठेवलीयस ना, ती म्हणाली, मांडवाची आस तुला आहे, मला नाही, तेव्हा तूच जाऊन राहा तिथे. माझं लग्न झालेलं आहे आणि हे माझं घर आहे.

तो हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून थांबला. पिशवी घेऊन तो दारापर्यंत गेला, बूट घातले, आणि तिथे उंबऱ्यावर लहान मुलासारखा उभा राहिला.

"मगे मी कधी येव?"

"ज्या दिसा कोणाक इचारल्याशिवाय येशीत, त्या दिसा ये."

तिने दार लावून घेतलं. जिन्यावरून उतरणारी त्याची पावलं तिला ऐकू आली, मध्येच थांबली, मग पुन्हा उतरू लागली. ती स्वयंपाकघरात गेली, बॅगेतल्या उकड्या तांदळासाठी एकेक कपाट उघडून डबा शोधू लागली.